सुरेखाचा तास कोणी घेतला

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे आणि आजपर्यंत इथे एकच काम केलंय – दुसऱ्यांच्या अनुभवाखाली 'पंखा जोरात असेल' नाहीतर 'रात्री जेवण जास्त झालं असेल' अशा कमेंट टाकायचं. काही जणांनी मला ब्लॉक केलंय. बरोबर केलं. भूत, सावल्या, अंगात येणं, स्वप्नात येऊन कोणी काही सांगणं... मी यातलं काहीच मानत नाही. वडनेरला बसस्टॉपजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन आपोआप चालू होतो, यात काहीतरी आहे, असं म्हणत लोक घाबरून येतात आणि मी बटणाखाली अडकलेला कचरा काढून त्यांच्या हातावर ठेवतो. माझं डोकं या प्रकारचं आहे.

त्यामुळे खाली जे लिहितोय त्याला तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण बोलणार नाही.

तर आधी माझी बायको, सुरेखा. लग्नाला चार वर्षं झाली. आईबाबा मोठ्या भावाकडे रोहण्याला असतात, इकडे आम्ही दोघंच. लेकरू नाही अजून, आणि तिच्या आजाराचं कारण ते नाही – आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तिथेच येऊन थांबतो. कारण काहीच नव्हतं. एक दिवस भाजी चिरता चिरता तिचे हात गार पडले, तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली आणि ती खाली बसून मला म्हणाली, "अहो, मी मरून राह्यली का?"

तिच्याआधी मीच मरतो की काय असं झालं होतं. हिंगणघाटला नेलं, ईसीजी काढला, सगळं नॉर्मल. थोड्या दिवसांनी परत तेच. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, की हार्ट चांगलं आहे, हा अँझायटीचा आजार आहे, गोळ्या घ्या, वेळ लागेल. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण गेलं नाही.

मी दुकानात असलो की तिचा फोन यायचा. "अहो, कसंतरीच हून राह्यलं." की गिऱ्हाइकाला बसवून, शटर अर्धं ओढून मी घरी. घर मागच्याच गल्लीत आहे. तिच्याजवळ बसायचं, तिचा तळहात अंगठ्यानं दाबत राहायचं आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. एका काकांचा फोन वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पडला होता, त्यांनी तो साबणानं धुतला, वाळवला आणि वरून पावडर लावून माझ्याकडे आणला. ही गोष्ट तिनं किती वेळा ऐकली असेल देव जाणे, पण दर वेळी पावडरपाशी ती हसायची आणि तिचा श्वास जागेवर यायचा.

मित्रांजवळ मी कुरकुर करायचो, की काय सांगू बाप्पा, बायको धंदा करू देत नाही. पण आतून मला ते आवडायचं. घरात मी धाकटा. मला कोणी कधी काही विचारलं नाही, काही ठरवायचं असलं की मोठ्या भावाला फोन. आणि इथे एक माणूस असं होतं, ज्याचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

मग मायाताई आल्या.

मायाताई आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात, अंगणवाडीत सेविका आहेत, ख्रिस्ती आहेत. एकदा सुरेखाला दारातच घाबरं झालं. मी हिंगणघाटला पार्ट आणायला गेलो होतो. मायाताई तिच्याजवळ बसल्या, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "प्रार्थना करू का व तुह्यासाठी? नाई म्हटलं तरी चालते." ही म्हणाली, करा. झालं, तिथून सुरुवात. दर बुधवारी मायाताईंच्या घरी पाच-सहा बाया जमतात, तिथे ही जायला लागली. मग रविवारी हिंगणघाटला, टिनाच्या शेडमध्ये त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, भरते, तिथेही.

मी अडवलं नाही. फक्त त्यांच्या पास्टरांना गाठून विचारलं, की गोळ्या बंद करायला तर सांगणार नाही ना? ते म्हणाले, "भाऊ, गोळी बी देवानंच देल्ली. तिनं बंद केली तं मले फोन करजा, मी रागावतो तिले." आता या माणसाशी भांडायचं तरी कुठून?

हळूहळू तिचे फोन कमी झाले. आधी रोजचे होते, मग एखादा, मग तोही नाही. तुम्हाला वाटेल, सुटला बिचारा. मलाही वाटलं, दोन-तीन दिवस. मग दुकानात बसल्या बसल्या मी माझाच फोन उचलून बघायला लागलो. नेटवर्क आहे? आहे. रिंगर चालू आहे? चालू आहे. लोकांचे फोन दुरुस्त करणारा माणूस स्वतःचा चांगला फोन तपासत बसला होता.

एकदा दुपारी काहीतरी विसरलं म्हणून घरी आलो. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता. ती पोळ्या लाटत होती आणि बोलत होती. "तुले तं माहीतच हाय सारं... सकाळपासून छातीत कसंतरीच हून राह्यलं... तू हाय नं जवळ? मंग बरं."

माझ्या डोक्यात सणक गेली. ब्लूटूथ असणार, असं समजून मी आत शिरलो. तिच्या कानात काही नव्हतं. फोन बाहेर बैठकीत पडला होता.

"कोणासंग बोलून राह्यली?"

"येशूसंग," ती म्हणाली. दूधवाल्याशी बोलत होते असं सांगावं, इतक्या सहज.

मला ती 'अहो' म्हणते. चार वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून निघालेलं नाही. आणि त्याला सरळ 'तू'. बरं, असं वागणारी ती एकटीच नव्हती, मायाताईंच्या घरच्या सगळ्याच बाया देवाशी तशाच बोलतात, हे मला माहीत होतं. तरी मला झोंबलं. मी विचारलं, "मंग मले काऊन नाई सांगत आता? मी मेलो का?"

तिनं पोळी तव्यावर टाकली. "तुमाले सांगतलं का तुमचं तोंड उतरते. मंग मले तुमचीच काळजी लागते. त्याचं तोंड नाई उतरत."

जळलो मी. दुसरा शब्द नाही याला. गल्लीतला कोणी असता तर गचांडी धरून विचारलं असतं. पण याला कुठे गाठणार? दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि माझ्या बायकोच्या मनात घर करून बसलाय. मी दुकान लवकर बंद करून घरी यायला लागलो. जिलबी आणून बघितली. पावडरवाल्या काकांची गोष्ट पुन्हा काढली तर ती प्रेमानं म्हणाली, "हाव, माहीत हाय ते." मला ते फार लागलं. एकदा चिडून म्हटलं, "तुहा येशू दुकान बंद करून येते का कधी?" तर म्हणे, "त्याचं दुकान बंदच नसते." आणि हसली. तिला हसताना बघून बरं वाटायला हवं होतं. मी ताट सरकवून उठलो.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही. मी वाट बघायला लागलो होतो. पुन्हा एकदा हिला घाबरं व्हावं आणि हिनं मला हाक मारावी.

आणि झालं. कसं झालं ते सांगण्याआधी त्यांची साखळी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्यांच्या मंडळीत वर्षातून एक-दोनदा साखळी प्रार्थना असते. दिवसरात्र प्रार्थना थांबू द्यायची नाही, म्हणून प्रत्येक जण एकेक तास वाटून घेतो आणि आपापल्या घरी बसून तेवढा तास प्रार्थना करतो. तास संपला की पुढच्याला फोन करायचा, दोघांनी मिळून थोडी प्रार्थना करायची, 'आता तुमचा तास' म्हणायचं आणि ठेवायचा. मध्ये खंड पडता कामा नये. आजाऱ्यांची, अडचणीतल्यांची नावं त्यात असतात, म्हणून लोक फार जपतात ते. सुरेखाला पहिल्यांदाच तास मिळाला होता, दुपारचा तीनचा. तिच्या आधी हिंगणघाटच्या रूथ आजी, तिच्या नंतर समुद्रपूरच्या संध्या मॅडम, शाळेत शिक्षिका आहेत. दोघींचे नंबर मायाताईंनी तिला फोनमध्ये टाकून दिले होते. शाळेचा पहिला दिवस असल्यासारखी ती आठवडाभर त्या तासाची तयारी करत होती, आणि मी रोज त्यावर काहीतरी टोमणा मारत होतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. "अहो... लवकर या."

धावलो. खोटं कशाला बोलू, धावताना काळजी होती आणि तिच्या खाली आनंदही होता. पण घरी पोचलो तेव्हा तो आनंद पार जिरला. इतकं वाईट मी कधीच पाहिलं नव्हतं. डावा हात बधिर झालाय म्हणत होती, छातीत दुखतंय म्हणत होती, ओठ पांढरे पडले होते. हा नेहमीचा प्रकार नाही, खरंच हार्ट असलं तर? ओळखीच्या माणसाची व्हॅन बोलावली, घराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि थेट वर्ध्याला, मोठ्या दवाखान्यात. तिचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला होता, तो तिथेच राहिला.

दवाखान्यात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. हार्ट ठीक. अटॅक, पण तो घाबरण्याचा. इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ थांबायला सांगितलं. खाट रिकामी नव्हती, म्हणून आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो. तिचे डोळे जड व्हायला लागले होते. तेवढ्यात समोरच्या घड्याळाकडे बघून ती एकदम ताठ झाली.

"अहो, तीन वाजून राह्यले. माहा तास हाय."

"कोणाचा नंबर पाठ हाय तुले?"

कोणाचाच नव्हता. हल्ली कोणाला असतात? मायाताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये हवा होता. सुरेखानं दोनदा सांगितलं होतं सेव्ह करा म्हणून. मी मुद्दाम केला नव्हता.

"माह्यामुळं साखळी तुटन," ती रडवेली झाली. "आजी फोन लावत बसन. काय म्हणन लोकं..."

"तुटू दे," मी म्हणालो. "मी हाय नं इथं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून हळूच पुटपुटली, "तूच पाह्य आता." ते मला नव्हतं. आणि गुंगीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपून गेली.

त्या झोपेत ती चांगला तासभर होती. माझा हात बधिर झाला तरी मी खांदा हलवला नाही. समोरून स्ट्रेचर जात होते, कोणाचं बाळ रडत होतं, आणि मी मनात त्याला बोलत होतो – हो, मीही बोललो त्याच्याशी, भांडायला का होईना – की बघ, शेवटी कोण आलं? व्हॅन कोणी आणली? खांदा कोणाचा आहे? तुझा तास गेला. हा तास माझा आहे. इतके महिने जे आत जळत होतं, ते त्या बाकावर बसून थंड झालं.

संध्याकाळी घरी आलो. कुलूप होतं तसंच होतं. फोन फळीवर, चार्जरला लावलेला. सुरेखानं स्क्रीन उघडून पाहिली आणि म्हणाली, "आजीचा मिसकॉल नाई दिसत. लावलाच नसन का फोन?" अंगात त्राण नव्हतं तिच्या. उद्या माफी मागीन म्हणाली आणि चार घास खाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाताई दारात. सोबत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई, डोळ्यांना जाड चष्मा. हिंगणघाटहून पहिल्या गाडीनं आल्या होत्या रूथ आजी. हातात केळी. मला बघितल्याबरोबर मायाताईंच्या डोळ्यात पाणीच आलं.

"भाऊ, सारे खूश हून राह्यले मंडळीत. तुमी सुरेखाचा तास घेतला म्हणून."

"मी? मी कायचा तास घेतो?"

रूथ आजी माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे बघण्यापेक्षा ऐकत होत्या, मान तिरकी करून. "बोला बरं भाऊ आणखीन."

"काय बोलू आजी?"

"नाई," त्या मायाताईंना म्हणाल्या. "हा नव्हे तो."

मग त्यांनी सांगितलं. तीनला त्यांनी सुरेखाला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला. माणसाचा आवाज. "मी म्हटलं, सुरेखा हाय का बेटा? तं तो म्हणे, झोपली हाय आजी. झोपू द्या तिले. तिचा तास मी घेतो." आवाज आपल्याच इकडचा, बोलणं आपल्यासारखंच. आजींनी प्रार्थना केली, त्यानं आमेन म्हटलं आणि ठेवला. मग आजींनी मायाताईंना कौतुकानं कळवलं, की सुरेखाचा नवरा किती गुणाचा.

झोपली हाय. तीन वाजता सुरेखा वर्ध्याच्या दवाखान्यात बाकावर झोपली होती, आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं.

इथे तुम्ही म्हणाल, अंगावर काटा आला असेल. नाही आला. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या बायकोचा फोन एका परक्या माणसानं उचलला आणि तो म्हणतो, झोपू द्या तिले. हे नवऱ्यानं बोलायचं वाक्य आहे. मी सुरेखाकडे वळून ओरडलो, "कोण व्हता तो?" ती त्या वेळी माझ्याच खांद्यावर होती हे मला माहीत होतं, तरी ओरडलो. जळणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी सुचत नाहीत.

मला वाटलं आता हिला पुन्हा घाबरं होणार. पण ती खाली बसली, एकदा माझ्याकडे, एकदा फळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोन तं पाहा आधी."

पाहिला. माझं कामच आहे ते. तीन वाजता रूथ आजींचा फोन आलेला, उचललेला. चार वाजता तिच्या फोनवरून संध्या मॅडमना फोन गेलेला, बोलणं झालेलं. काल तिनं फक्त मिसकॉल शोधले होते, म्हणून तिला दिसलं नाही. आता दुरुस्तीवाला म्हणून सांगतो. येणारा फोन आपोआप उचलला जाऊ शकतो, तशी सेटिंग असते – ती बंद होती. फोन दुसऱ्या नंबरवर वळवलेला असू शकतो – नव्हता. आणि हे सगळं धरलं तरी चार वाजता बरोबर माणसाला फोन करायचा तर कुलपातल्या घरात जाऊन, तिचा पॅटर्न टाकून, नंबर काढून लावावा लागतो. कुलपाच्या दोन किल्ल्या. एक माझ्या खिशात होती, दुसरी तिच्या पर्समध्ये, आणि पर्स वर्ध्याला आमच्यासोबत. खिडक्यांना गज. समोरच्या काकू दुपारभर दारात बसून तूर निवडत होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "कुलूपच तं व्हतं. कोणी नाई आलं नं गेलं."

मला हाही संशय आला, की या सगळ्या बायांनी मिळून मला ओढायचा डाव रचला असेल. खोटं बोलायचं तर बोलल्या असतील. पण माझ्या बंद घरातल्या फोनमध्ये त्या कशा शिरतील? आणि आम्ही वर्ध्याला गेलो हेही मायाताईंना तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवसभर अंगणवाडीच्या मीटिंगला बाहेर होत्या.

तरी माझं समाधान होईना. सोमवारी दुकान बंद ठेवलं आणि गाडी काढून एकटाच समुद्रपूरला गेलो, संध्या मॅडमच्या घरी. कोण होता तो, एवढंच मला हवं होतं. पकडायचाच होता मला तो.

मॅडमनी आधी माझं नाव विचारलं, मग चहा ठेवला, मग स्वतःहून फोन काढून दाखवला. 'सुरेखा वडनेर', चार वाजता, आलेला फोन. फोनवरच्या माणसाला त्यांनी नवरा समजलंच नव्हतं, त्यांना वाटलं होतं सुरेखाचा दीर किंवा भाऊ असेल. मी म्हटलं, का?

"कारण मी विचारलं ना त्यांना," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणाले, ताई, आता तुमचा तास. मी म्हटलं, आपण सुरेखाचे कोण? तर हसले आणि म्हणाले, घरचाच."

घरचाच. माझ्या घरचा. मी कप खाली ठेवला.

"मग आमच्यात पद्धत आहे, की काही खास विषय असला तर पुढच्याला सांगायचा. मी विचारलं, कोणासाठी करायची प्रार्थना? मला वाटलं सुरेखासाठी म्हणतील. ते म्हणाले, तिच्या नवऱ्यासाठी करा."

"माझ्यासाठी?"

बोलू की नको असं मॅडमना झालं होतं, ते दिसत होतं. मी म्हटलं, सांगा मॅडम, त्यासाठीच आलोय. तेव्हा त्यांनी त्याचेच शब्द सांगितले, वऱ्हाडीत. शिक्षिका असल्यामुळे त्यांच्या तोंडी ते वेगळे वाटत होते. "सुरेखा ठीक होईन. तो तिच्यापेक्षा जास्त घाबरते. तिले माही गरज नाई राह्यली तं मी कोण, असं त्याले रोज वाटते. त्याच्यासाठी करा. पण तिले नोका सांगू, त्याले ओशाळल्यासारखं होईन."

मी उठलो. चहा तसाच राहिला. बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि चावी लावता येईना, इतका हात हलत होता. छातीत धडधड, तोंडाला कोरड. सुरेखा जे सगळं सांगायची ते एकेक करून मला होत होतं, आणि फोन करावा असं मला कोणी सुचेना.

घरी येऊन सुरेखाला सांगितलं. घरचाच म्हणाला, आणि माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितली, एवढं. शेवटचं नाही सांगितलं.

मला वाटलं ती आनंदानं रडेल. तिनं भांडी घासली, ओटा पुसला, आणि मग एकदम वळून म्हणाली, "इतके महिने मी त्याच्यासंग बोलून राह्यली. माह्यासंग तो एक शब्द नाई बोलला आजवर. मी कधी म्हटलं बी नाई बोल म्हणून. अन् तुमच्यासाठी तो घरात येऊन फोन लावते?"

"मले काय माहीत? माह्यासंग बी नाई बोलला."

"तुमच्याबद्दल तं बोलला."

दोन दिवस ती माझ्याशी तुटक वागली. मी जिच्यासाठी जळत होतो तीच माझ्यावर जळत होती, आणि तेही त्याच्यावरून. मायाताईंनी समजूत काढली तेव्हा कुठे हसली.

आता विचाराल, पुढे काय? मी ख्रिस्ती झालेलो नाही. बुधवारी तिला मायाताईंच्या दारापर्यंत सोडतो आणि परत येतो, आत अजून गेलो नाही. तिच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी डोस कमी केलाय. मधूनच घाबरं होतं तिला. कधी मला फोन करते, कधी नाही करत. नाही केला तर अजूनही मला टोचतं, पण मी फोन तपासत बसत नाही. आणि त्या दिवशी तीन ते चार माझ्या घरात कोण होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तो फोन मी पूर्ण उघडून पाहिला. फॉल्ट सापडला नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, पंख्याचं सोडून.

सुरेखा अधूनमधून पोळ्या लाटताना विचारते, "अजून काय म्हणे हो तो तुमच्याबद्दल? सांगा नं." मी म्हणतो, एवढंच. मला ज्याचा इतका राग यायचा, त्यानं माझी लाज बायकोपासून झाकून ठेवली. मीही ती झाकूनच ठेवलीय. ती या ग्रुपवर नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर कृपा करून सांगू नका.